बार टाकायचा नाही

थोइबीचा खांदा निखळला तेव्हा आवाज झाला नाही. बार जमिनीवर आदळला असता तर धाडकन आवाज झाला असता आणि सगळ्या हॉलनं माना वळवल्या असत्या. पण बार पडलाच नाही.

कस्तुरी हावळ शेजारच्याच प्लॅटफॉर्मवर तळहातांना खडूची पूड चोळत उभी होती. राष्ट्रीय शिबिरातला दुपारचा सराव चालला होता. थोइबी तिची खोलीतली सोबतीण. मणिपूरची, बुटकी, बडबडी, सुक्या मिरचीची चटणी डब्यात घालून जेवणघरात नेणारी. तिनं स्नॅच मारला, म्हणजे जमिनीवरचा बार एका दमात डोक्यावर नेला आणि त्याच्याखाली उकिडवी बसली. वजन जरासं मागे गेलं. यात विशेष काही नाही, या खेळात कुणाचंही जातं. मागे गेलेल्या वजनाशी झगडायचं नसतं. हात सोडायचे, अंग पुढे काढायचं. बार मागे पडतो, पोरगी एक शिवी हासडते आणि पुन्हा उभी राहते. खेळ इतका साधा आहे.

थोइबीनं अंग पुढे काढलं. हात आले नाहीत.

बोटं मिटलेली, कोपरं ताठ. नव्वद किलोचा बार तिच्या डोक्यामागे कलत चालला आणि हात त्याच्यासोबत मागे फिरत गेले. कस्तुरीला तिचा चेहरा समोरून दिसत होता. त्यावर अजून वेदना नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. आपण आपल्याच घराचं दार उघडायला जावं आणि आतून कुणीतरी ते दाबून धरावं, तसं. मग उजवा खांदा पुढे उसळला. जिथे काही नसतं तिथे काखेच्या वर एक गोळा उभा राहिला. तरी हात सुटले नाहीत. ती गुडघ्यांवर आली आणि बार तिच्या कमरेमागे अलगद टेकला, बाळ पाळण्यात ठेवावं तसा.

दोघी-तिघींनी मिळून तिची बोटं एकेक करून उकलली. बाही कापून काढावी लागली. बाहीच्या मनगटावरचा दिवा तेव्हाही हिरवा होता. हिरवा म्हणजे सुरक्षित.

स्ट्रेचरवर घेताना थोइबीनं कस्तुरीकडे बघून हिंदीत एकच विचारलं. बार का नाही पडला?

कस्तुरीनं आपल्या हातांकडे पाहिलं. तिच्याही दोन्ही हातांवर तसलीच बाही होती. तिच्याही मनगटावर हिरवा दिवा होता.

*

ही बाही काय आहे ते सांगितलं पाहिजे. जाहिरातीत सांगतात तसं नाही, खरं सांगितलं पाहिजे.

माणसाच्या अंगातला सगळ्यात बेभरवशाचा सांधा खांद्याचा. कमरेचा खुबा खोल वाटीत बसवलेला असतो. खांदा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. म्हणून हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच तो निखळतो. लिंबू बशीवर धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू करतात. बशीसुद्धा जागची हलते, कारण ती खांद्यामागच्या पसरट हाडाचाच भाग आहे. हात डोक्यावर गेला की ते हाडही वर फिरावं लागतं. नाही फिरलं तर स्नायूची दोरी हाडाखाली चिमटते, घासते, झिजते आणि एक दिवस तुटते. वर्षानुवर्षं वेटलिफ्टर याच दोरीवर जगले आणि याच दोरीनं घरी बसले.

बाही खांद्यापासून बोटांच्या पेरांपर्यंत येते, मोज्यासारखी पातळ. आत तांदळाच्या कणीएवढे अल्ट्रासाउंडचे तुकडे विणलेले आहेत. ते स्नायूंवरचा ताण ऐकतात. कुठे काही बिघडतंय असं वाटलं की विजेचा बारीक झटका देऊन बाही खांद्याचे आणि पकडीचे स्नायू स्वतःच आवळते आणि तिची वीण कोपराशी लाकडासारखी ताठ होते. हे सगळं मेंदूच्या आधी. चूक मेंदूला कळेपर्यंत पापणी लवते, आणि खांदा जायला तेवढा वेळ पुरतो. बाही त्या फटीत शिरते.

कधी आवळायचं, कधी सोडायचं, याचे नियम तिला कुणी घालून दिलेले नाहीत. ती शिकली आहे, निरोगी खांद्यांचं ऐकून ऐकून.

ते खांदे होते इचलकरंजीचे.

तिथे मागाच्या एका शेडवर, माडीवर, भूपाल मगदूम यांची व्यायामशाळा आहे. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणतं. आण्णांची रीत अशी की नव्या पोराला बार द्यायचाच नाही. हातात वेळूची काठी. ती दोन्ही हातांत रुंद धरायची, कोपरं न वाकवता डोक्यावरून मागे न्यायची, पाठीला टेकवायची, तशीच पुढे आणायची. सकाळ-संध्याकाळ तेच. कोपर वाकलं की आण्णा म्हणायचे, "काय रं, भाकरी मोडाय आलायस व्हय?" निम्मी पोरं कंटाळून पळायची. उरायची त्यांचे खांदे तेल पाजलेल्या बिजागरीसारखे फिरायचे. आण्णांच्या व्यायामशाळेत खांदा गेलेला माणूस नव्हता. एकही नाही.

पुण्याच्या एका कंपनीला हे कळलं. कंपनीची माणसं आली, व्यायामशाळेतल्या सगळ्यांना बाह्या घातल्या. त्या बाह्या नुसत्या ऐकायच्या, करायच्या काही नाहीत. दोन वर्षं त्यांनी ऐकलं. सगळ्यात स्वच्छ खांदा कस्तुरीचा निघाला. कंपनीच्या बोलीत तिला "मूळ खांदा" म्हणू लागले. मग करणाऱ्या बाह्या बाजारात आल्या, चौकाचौकात कस्तुरीचा हात वर केलेला फोटो लागला, आणि खेळाच्या संघटनेनं नुकताच फतवा काढला की बाही नसेल त्याला प्लॅटफॉर्मवर पाय ठेवता येणार नाही. खेळाडूच्या सुरक्षेसाठी, असं कारण दिलं होतं. खेळाडूला कुणी विचारलं नव्हतं.

आण्णांनी त्या दिवशी गावभर पेढे वाटले. त्यांच्या काठीला देशानं डोक्यावर घेतलं होतं.

*

थोइबीच्या अपघातानंतर कंपनीचे दोघे शिबिरात आले. एक साहेब आणि एक तरुण इंजिनियर, निहार दाबके. कस्तुरीला बोलावलं ते चौकशीसाठी असेल असं तिला वाटलं होतं. साहेबांनी तिला चहा दिला आणि सांगितलं की चौकशी पूर्ण झाली आहे. यंत्र बिनचूक वागलं. चूक खेळाडूची.

निहारनं पडदा तिच्याकडे वळवला. थोइबीच्या हाताची रेघ दिसत होती. "ही जागा बघ," तो म्हणाला. इथे तिनं बोटं उघडायला घेतली. डोक्यावर वजन असताना बोटं उघडणं म्हणजे पकड निसटणं. म्हणून बाहीनं पकड आवळली.

"पण सर, टाकायचा तर बोटं उघडावीच लागतात."

"काय टाकायचा?"

"बार. मागे गेला की."

निहार समजावल्यासारखं बोलू लागला. पुढे सोडलेल्या बारला बाही हरकत घेत नाही, तो हातानं उतरवल्यासारखाच दिसतो. मागे गेलेला बार वेगळा. "आमच्याकडे लाखावर उचली आहेत. त्यात चुकलेल्याही आहेत, मागे गेलेल्याही आहेत. पण हात एकदाही सुटलेला नाही. बार मागे जातो, हात त्याच्यासोबत फिरतात, बार पाठीशी टेकतो. दर वेळी. आणि कुणाला काही होत नाही. आम्ही म्हटलं, सुरक्षित रीत हीच."

कस्तुरीनं हातातला कप खाली ठेवला.

तिला सगळं एकदम दिसलं. माडीवरची जमीन, खाली धडधडणारे माग. पूर्वी वर बार आदळला की जमीन हादरायची, खाली मागांवरचे धागे तुटायचे, आणि शेडचे मालक चौगुले तोंडानं जाळ काढत जिना चढून यायचे. म्हणून आण्णांनी नियम केला होता: बार टाकायचा नाही. जो टाकेल त्यानं खाली जाऊन तुटलेले धागे गाठी मारून जोडायचे. मागवाले चहा पीत त्याची टर उडवायचे, आता लुगडं नेसायलाबी शीक म्हणायचे. त्या जिन्याची लाज पोरांच्या हाडात बसली. चुकलेला बार धरूनच खाली आणायचा. मागे गेला तर खांदे मागे फिरवायचे, काठीसारखे. त्यांचे फिरायचे. वर्षानुवर्षं काठी फिरवलेली होती ना.

थोइबीनं कधी काठी हातात धरली नव्हती. तिच्या खांद्याला बाहीनं इचलकरंजीसारखं फिरायला लावलं होतं.

"आमच्यात बार टाकत नाहीत," कस्तुरी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. मग तिनं माग, धागे, जिना, सगळं सांगितलं.

निहारचा चेहरा बघवत नव्हता. त्यानं पडद्यावर काहीतरी उघडलं, परत मिटलं. साहेब मात्र हलले नाहीत. त्यांनी विचारलं, ही गोष्ट आणखी कुणाला माहीत आहे? कस्तुरीनं विचारलं, थोइबीच्या आधी आणखी कुणाचं झालंय का? निहारनं साहेबांकडे पाहिलं. त्या बघण्यातच उत्तर आलं. होत्या, आणखी दोघी होत्या. त्यांनाही खेळाडूची चूक म्हणूनच घरी पाठवलं होतं.

साहेब शांतपणे बोलत राहिले. पुढच्या आठवड्यात आशियाई स्पर्धेची निवड चाचणी आहे. तिचं नाव जवळजवळ पक्कं आहे. ती त्यांचा चेहरा आहे. सुधारणा होतील, सावकाश होतील, तोवर धीर धरावा. अशी माणसं ओरडत नाहीत. ओरडायची त्यांना गरजच पडत नाही.

बाहेर व्हरांड्यात निहारनं तिला गाठलं. मान खाली घालून भराभर बोलला. बाही सगळ्या जगाला मूळ खांद्यांशी, म्हणजे इचलकरंजीच्या खांद्यांशी, ताडून बघते. परक्या कुणी बार टाकला तर ती त्याला चूकच समजणार. पण मूळ खांद्यांनीच बार टाकला, खराखुरा, मागे, शेकडो वेळा, तर ती टाकणं शिकेल. "तुमच्या व्यायामशाळेतल्या ऐकणाऱ्या बाह्या अजून चालू आहेत. त्यांनी ऐकलेलं थेट आत जातं, साहेबांना विचारावं लागत नाही."

"आणि नाहीच टाकला तर?"

"तर मग चाचणीत सत्तर मुली आहेत," निहार म्हणाला. "आणि मी तुला हे सांगितलेलं नाही."

*

घरी आजारपण आहे असं सांगून तिनं दोन दिवसांची सुटी काढली. वाटलं होतं, जाऊ, आण्णांना सांगू, पोरं बार टाकायला लागतील आणि आपण चाचणीला परत येऊ. इतकं सोपं वाटलं होतं.

आण्णा काठ्यांना तेल लावत बसले होते. डोक्याला पांढरी टोपी, अंगात बंडी, उघड्या दंडांवर सत्तरीतही दोरखंड. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला. अन् मग ती बोलत गेली तसा तो आकसत गेला. थोइबीच्या खांद्याचं ऐकताना त्यांनी काठी खाली ठेवली. पण सगळं ऐकून झाल्यावर जे बोलले ते कस्तुरीला अपेक्षित नव्हतं.

"त्या पोरीला काठी शिकवली न्हाई कुणी. त्यात माझी काय चूक? सगळ्यांस्नी काठी शिकवा म्हणावं."

"आख्ख्या देशाला काठी शिकवणार तुम्ही, आण्णा? चाचणी पुढच्या आठवड्यात आहे."

"मग तू जा चाचणीला. पदक आण. पदक गळ्यात असलं की तुझं म्हणणं दिल्लीपर्यंत ऐकतील. आज बोललीस तर निस्ती वरडणारी पोरगी होशील." त्यांनी काठी पुन्हा उचलली. "आन माझं नाव मातीत जाईल ते वेगळंच."

कस्तुरी त्यांच्याकडे बघत राहिली. दहा वर्षांची असताना या माणसानं तिच्या हातात काठी दिली होती. बापानं नको म्हटलं तेव्हा हा माणूस तिच्या घरी जाऊन ओट्यावर दिवसभर बसून राहिला होता. तोच आता कंपनीच्या साहेबासारखं बोलत होता. फक्त बोली वेगळी.

"आपण बार टाकूया," ती म्हणाली. "सगळ्यांनी. रोज."

"माझ्या माडीवर? खाली माग हाईत, कस्तुरे."

"खाली काय आहे, आण्णा?"

आण्णांचा तेल लावणारा हात थांबला. व्यायामशाळेत पाचसहाजण होते, त्यांचेही हात थांबले.

तिनं खिळ्यावरची किल्ली घेतली, जिना उतरली, शेडचं शटर वर ढकललं. आण्णा तिच्यामागून आले, धरून धरून. आत एकही माग नव्हता. कस्तुरी शाळेत होती तेव्हाच ते भंगारात गेले होते. चौगुले गेले, त्यांची मुलं पुण्याला गेली, शेड बंद पडली. जमिनीत बोल्टांची भोकं होती, भिंतीला वाळलेलं तेल होतं, आणि उजेड आत येताच पारवे फडफडत तुळयांवर गेले. हे सगळ्या गावाला माहीत होतं. आण्णांना माहीत होतं. तिला स्वतःला माहीत होतं. आणि तरीही इतकी वर्षं, रोज, वरचा प्रत्येकजण बार अलगद ठेवत होता. कुणासाठी? या पारव्यांसाठी?

एकानंही कधी विचारलं नव्हतं. एका रिकाम्या खोलीची भीती या माणसांनी जपली, यंत्रानं ती ऐकली, शहाणपण समजून शिकली, आणि मणिपूरच्या एका पोरीचा खांदा उचकटून काढला.

"मोकळंच हाय की," आण्णा पुटपुटले, जणू पहिल्यांदा बघत होते. मग त्यांना राग आला. तो कुणाचा हे त्यांनाही कळलं नसावं. "टाक जा मग. टाकून दाखव मला."

*

ती वर आली. ऐकणारी बाही चढवली, वजन लावलं, बार डोक्यावर नेला आणि मुद्दाम मागे जाऊ दिला. आता सोड, तिनं मनाशी म्हटलं.

बार मागे गेला. खांदे फिरले. बार पाठीशी अलगद टेकला. बोटं मिटलेलीच होती.

पोरं बघत होती. तिनं पुन्हा केलं. आधी मोठ्यानं म्हटलं, आता टाकते. तेच झालं. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून बोटांकडे सगळं लक्ष लावलं. तेच. बाही काही करत नव्हती, ही बाही फक्त ऐकणारी होती, तिच्यात झटका देणारी वीजच नव्हती. तरी खात्री करायला तिनं ती ओरबाडून काढली, उघड्या हातांनी बार उचलला आणि मागे जाऊ दिला.

सुटला नाही.

तिनं तळहात वर करून पाहिले. खडू, घट्टे, नेहमीचेच हात. थोइबीच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आश्चर्य आता तिच्याच चेहऱ्यावर आहे हे तिला आरशात न बघता कळलं. थोइबीला निदान यंत्रानं धरलं होतं.

आण्णा हसले. "सर की बाजूला. बार सोडाय काय अक्कल लागती व्हय?" त्यांनी वजन उतरवलं, हलक्या दोन प्लेटा ठेवल्या आणि सत्तरीच्या अंगाला न शोभेल इतक्या झोकात बार डोक्यावर नेला. क्षणभर छान दिसले, जुन्या फोटोतल्यासारखे. मग बार मागे कलला.

तो पाठीशी टेकला तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी बार जमिनीवर ठेवला. कसलाही आवाज न करता, सवयीनं. आणि मग आपण तो कसा ठेवला हे त्यांच्या ध्यानात आलं.

ते काठ्यांच्या ढिगाशेजारी बसले. बराच वेळ आपली बोटं उघडत-मिटत राहिले.

"माझीबी सुटत न्हाईत गं," ते म्हणाले.

*

शिबिरातून फोन आला, कधी येतेस? तिनं उद्या येते म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. त्यानंतर तिनं फोन उचलणं सोडलं. चाचणीला जायचं म्हणजे बाही घालून जायचं. बाही घालून हात वर केला की तिच्या वर केलेल्या हाताकडे बघून सत्तर पोरी बाह्या चढवणार. चौकात फोटो तिचा होता. आई म्हणाली, आता तो उतरवतील बघ, ऊन लागून काळी पडली होतीस, बरं होईल. मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

टाकायला शिकायचं कसं, हे आण्णांनीच शोधलं. एका सकाळी त्यांनी सगळ्यांच्या हातात काठ्या दिल्या. म्हातारपणानं त्यांचं डोकं फिरलं असेल असं पोरांना वाटलं. काठी डोक्यावर न्यायची आणि मागे टाकायची, एवढंच सांगितलं. पहिल्या दिवशी कुणालाही जमलं नाही. चांगले दांडगे गडी वेळूची काठी हातातून सोडू शकत नव्हते, आणि एकमेकांकडे बघून हसतही नव्हते. मग पोरांतल्या बशीर मोमीनची काठी सुटली. टक् करून वाजली. बशीरनं दचकून मागे पाहिलं, जणू दुसऱ्याचीच पडली. आण्णा म्हणाले, "शाब्बास. आता जा खाली, धागे जोड." पहिल्यांदा सगळे हसले.

काठीनंतर रिकामा बार. मग हलक्या प्लेटा. एक-एक करून बोटं उघडायला शिकली. कुठल्याही लेकराला न शिकवताच येते ती गोष्ट ही मोठी माणसं धडपडत शिकत होती. बाह्या ऐकत होत्या. तेवढ्यात चाचणी झाली. कस्तुरीच्या जागी दुसरी कुणी निवडली गेली, तिचं नाव कस्तुरीनं शोधलंही नाही. चाचणीत कुणाचं काय झालं ते मात्र तिनं शोधलं. तिघी जायबंदी झाल्या होत्या. बातमीत लिहिलं होतं, खेळाडूंच्या तंत्रात दोष.

त्या दिवशी ती व्यायामशाळेत आली ती कुणाशी न बोलता. बाही चढवली, थोइबीनं लावलं होतं तेवढं वजन लावलं. मुद्दाम चुकवायचं तिच्या मनातही नव्हतं. नव्वद किलो डोक्यावर गेले, तिला सत्तर पोरी दिसल्या, आणि तोल खरोखर गेला. बार मागे निघाला.

हात सुटले. ती पुढे पडली.

मागे असा धडाका झाला की खिडक्यांची तावदानं थरथरली. खाली शेडमध्ये छताचा गिलावा कोसळला आणि पारवे शटरच्या फटीतून भर्रकन बाहेर गेले. कुणीही हललं नाही. सगळे जिन्याकडे बघत होते. आण्णासुद्धा, मान वर करून, श्वास धरून, कुणीतरी शिव्या देत वर येईल म्हणून.

जिन्यावर कुणाचंच पाऊल वाजलं नाही.

मग आण्णा उठले आणि बार पुन्हा जागेवर आणायला तिला हात दिला.

पुढे एक दिवस बाहीत बदल झाला, मागे गेलेला बार ती सोडू देऊ लागली. कंपनीनं तसं सांगितलं नाही, सांगणारही नव्हती. नवी जाहिरात आली, "आता आणखी सुरक्षित", आणि तिच्यावर दुसरीच मुलगी हात वर करून हसत होती. निहारनं नोकरी सोडली, की त्याला काढलं, कळलं नाही. जायबंदी पोरींचं नाव कुणी घेतलं नाही.

कस्तुरीनं व्यायामशाळेतून थोइबीला फोन केला. थोइबीनं आधी चटणीबद्दल विचारलं, खोलीत राहिलेला डबा कुणी खाल्ला म्हणून. मग म्हणाली, हात कानापर्यंत जातो, त्याच्या वर नाही, वेणी बहीण घालते. तो जुना प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही, पण तो दोघींच्या मध्ये तसाच होता. कस्तुरीला माग, धागे, जिना, पारवे, सगळं हिंदीत सांगायचं होतं. शब्द जुळेनात.

तिनं थोइबीला ऐक म्हणून सांगितलं. फोन जमिनीवर ठेवला, बार डोक्यावर नेला, आणि मागे सोडून दिला.

धडाका विरला. मग थोइबीचा आवाज आला, अगदी बारीक.

"एवढंच तर करत होते मी."